स्रुवा, कमंडलू आणि हंस : कार्तिकातील ब्रह्मदर्शन

ब्रह्मदेवाची मंदिरे इतकी थोडी का, हा प्रश्न आपल्याकडे इतक्या वेळा विचारला जातो की त्या प्रश्नाच्या भरात ब्रह्मदेवाच्या मूर्तीकडे नीट पाहणेच राहून जाते. त्याला चार मुखे का, त्याच्या हातात माळ आणि पळी का, तो हंसावर का बसतो, आणि शंकर-विष्णूंच्या शिल्पांमध्ये तो नेमका कोणत्या जागी आणि कोणते काम करताना दिसतो, हे डोळ्यांनी पाहावे अशी इच्छा बरीच वर्षे मनात होती. कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा हा पुष्करच्या स्नानाचा काळ असल्यामुळे प्रवासाचा मुहूर्त आपोआप ठरला. मात्र थेट राजस्थानात न जाता आधी आपल्याच किनाऱ्यावरचे ब्रह्मदेव पाहून मग पुष्कर गाठायचे, असे मामांनी सुचवले. मामांनी आयुष्यभर याज्ञिकी केली आहे. स्रुवा, म्हणजे यज्ञात आहुती देण्याची पळी, त्यांनी हातात धरलेली आहे आणि मी ती केवळ चित्रात पाहिलेली आहे, हा फरक पुढे प्रत्येक ठिकाणी जाणवत गेला.

कार्तिक शुद्ध नवमी, मुंबई

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या शिल्पदालनात ऐहोळेहून आणलेले ब्रह्मदेवाचे शिल्प आहे. ते सातव्या शतकातील चालुक्यकालीन मंदिराच्या छताचा भाग होते. मूळ जागी असताना भक्ताला मान वर करूनच ते पाहावे लागत असणार; येथे ते समोर आले आहे आणि त्यामुळे त्यातील मांडणी सावकाश वाचता येते. ब्रह्मदेव कमळावर बसलेला आहे, त्याच्या भोवती ऋषी आहेत आणि जवळ हंस आहे. मला त्या ऋषींनी सर्वाधिक थांबवले. विष्णूच्या भोवती आयुधे किंवा सेवक, शंकराच्या भोवती गण, आणि ब्रह्मदेवाच्या भोवती मात्र अध्ययन करणारी माणसे, हा भेद शिल्पकाराने सहज केलेला नाही.

चार मुखांचा अर्थ सांगताना चार वेद, चार दिशा, चार युगे अशी यादी सर्वत्र दिली जाते. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात, जिथे मूर्ती कशी घडवावी हे सांगितले आहे, तिथे ही यादी अधिक नेमकी होते : पूर्वेचे मुख ऋग्वेद, दक्षिणेचे यजुर्वेद, पश्चिमेचे सामवेद आणि उत्तरेचे अथर्ववेद. याच ग्रंथाच्या दृष्टीने कमंडलूतील पाणी हे सृष्टीचे मूळ द्रव्य आहे, अक्षमाला हा काळ आहे, जटा या औषधी वनस्पती आहेत आणि त्याचा रथ ओढणारे सात हंस हे सात लोक आहेत. देवाच्या अंगावरची प्रत्येक वस्तू विश्वाचा एकेक घटक आहे, अशी ही मांडणी आहे. भिंतीला टेकलेल्या शिल्पात चौथे मुख दिसत नाही. समोरचे मुख पूर्वेचे मानले तर जे कायम दगडात दडलेले राहते ते पश्चिमेचे, म्हणजे सामवेदाचे. गाण्याचा वेद डोळ्यांना दिसू नये, हे मला फार सुंदर वाटले. मामांनी मात्र या कल्पनेला ग्रंथाचा आधार नाही, असे तिथल्या तिथे स्पष्ट सांगितले, आणि ते खरे आहे.

मामा हातांकडे पाहत होते. मूर्तिशास्त्रात ब्रह्मदेवासाठी ज्या वस्तू सांगितल्या आहेत त्या त्यांनी मोजल्यासारख्या उच्चारल्या : अक्षमाला, कमंडलू, पुस्तक, दर्भाचा कूर्च, स्रुक् आणि स्रुवा. मग म्हणाले, "यात एक तरी वस्तू मारण्याची आहे का, बघ. विष्णूला चक्र-गदा, शंकराला त्रिशूळ, देवीला तर अठरा हात भरून शस्त्रे. याच्या हातात जे आहे ते सगळे माझ्या घरच्या फडताळात सापडेल."

हे वाक्य मला पुढच्या सगळ्या प्रवासाची किल्ली वाटले. ज्याने जग घडवले त्याच्याकडे त्या जगाचे रक्षण करण्याचे एकही साधन नाही. आहेत ती सारी पठण, गणना, शिंपण आणि आहुती यांची साधने आहेत. भक्त देवाकडे बहुधा संकटात जातो आणि संकटात शस्त्रधारी देव आठवतो. ब्रह्मदेवाच्या उपासनेचा विचार शापांच्या कथांपासून सुरू करण्यापेक्षा या रिकाम्या, म्हणजे शस्त्राविना असलेल्या हातांपासून सुरू केला तर अधिक काही हाती लागेल, असे मला तेव्हापासून वाटते आहे.

दशमी, घारापुरी

गेटवेवरून सकाळच्या पहिल्या लाँचने निघालो. घारापुरीच्या मुख्य लेण्यातील सुमारे साडेपाच मीटर उंचीच्या त्रिमुखी शिल्पाला अनेक पिढ्या ब्रह्मा, विष्णू, महेश यांची त्रिमूर्ती समजत आल्या आहेत. अभ्यासक आता ते सदाशिवाचे, म्हणजे शिवाच्याच अनेकमुखी रूपाचे, शिल्प मानतात : मधले शांत मुख तत्पुरुषाचे, एका बाजूचे उग्र मुख अघोराचे आणि दुसरे कोमल मुख वामदेवाचे. म्हणजे ज्या शिल्पात ब्रह्मदेव आहे असे सारे जग समजते, तिथे तो नाही. परंतु याच लेण्यात तो खरोखर आहे, आणि त्याच्यासाठी भव्य शिल्पांच्या कडांकडे पाहावे लागते.

अर्धनारीश्वराच्या पटात वरच्या बाजूला, इतर देवांच्या मेळ्यात, हंसांनी उचलून धरलेल्या आसनावर तो बसलेला आहे. त्याहून महत्त्वाचा आहे तो कल्याणसुंदराचा पट. पार्वतीचे पाणिग्रहण चालू आहे, तिची लाजरी मान किंचित झुकलेली आहे, आणि शिवाच्या बाजूला खाली, जमिनीलगत, ब्रह्मदेव बसून विवाहहोम चालवतो आहे. पोर्तुगीज काळातील मोडतोड आणि समुद्राची हवा यांनी शिल्पाचे बरेच नुकसान केले आहे, तरीही त्याच्या बसण्यातली तत्परता शाबूत आहे. सृष्टीचा निर्माता येथे पुरोहित झालेला आहे, आणि शिल्पकाराला त्यात काहीही कमीपणा वाटलेला नाही.

मामा या पटासमोरून बराच वेळ हलले नाहीत. होमाच्या वेळी पुरोहिताचा गुडघा कसा टेकतो आणि कोणता हात मोकळा राहतो हे त्यांनी मला दाखवले. त्यानंतर लेण्याबाहेरच्या कट्ट्यावर बसून त्यांनी जे सांगितले, ते ब्रह्मदेवाच्या प्रतीकाविषयी मी ऐकलेल्या सर्व गोष्टींत मला सर्वांत मोलाचे वाटते.

श्रौत यज्ञात चार प्रमुख ऋत्विज असतात. होता ऋचा म्हणतो, अध्वर्यू यजुर्वेदानुसार प्रत्यक्ष कर्म करतो, उद्गाता साम गातो. चौथ्या ऋत्विजाचे नावच ब्रह्मा. तो अग्नीच्या दक्षिणेला बसतो आणि जवळजवळ सर्व वेळ मौन असतो. कोणी मंत्र चुकला, आहुती राहिली, क्रम बिघडला तर ते ओळखून प्रायश्चित्त सांगणे व यज्ञ पुन्हा सांधणे हे त्याचे काम. छांदोग्य उपनिषदात म्हटले आहे की यज्ञाचे दोन मार्ग आहेत, एक वाणीचा आणि एक मनाचा. वाणीचा मार्ग होता, अध्वर्यू आणि उद्गाता शुद्ध करतात आणि मनाचा मार्ग एकटा ब्रह्मा शुद्ध करतो. त्याने मध्येच मौन मोडले तर यज्ञाची अवस्था एका पायावर चालणाऱ्या माणसासारखी किंवा एका चाकावर धावणाऱ्या रथासारखी होते, असेही तिथे सांगितले आहे. आजही घरच्या होमात दक्षिणेला दर्भाचा बटू करून ब्रह्म्याचे आसन मांडतात. "लोक म्हणतात ब्रह्मदेवाची पूजा होत नाही," मामा म्हणाले, "पण मी असा एकही होम केलेला नाही ज्यात त्याला आधी बसवले नाही. तो बोलत नाही म्हणून यजमानाला दिसत नाही, एवढेच."

परतीच्या लाँचमध्ये पाचव्या मस्तकाची कथा निघाली. आपणच घडवलेल्या शतरूपेला पाहण्यासाठी ब्रह्मदेवाला दिशादिशांना मुखे फुटली आणि शेवटी पाचवे वरच्या बाजूला फुटले. ते भैरवाने नखाने छेदले, कवटी त्याच्या हाताला चिकटली आणि काशीच्या कपालमोचन तीर्थावर ती सुटली, असे पुराणे सांगतात. चार मुखे चार दिशांना, म्हणजे घडवलेल्या जगाकडे, पाहतात आणि पाचवे त्या जगाच्या वर पाहू लागते. निर्मात्याची दृष्टी आपल्या निर्मितीपुरती राहावी, अशी मर्यादा या छेदात सांगितली आहे, असे मी समजतो. शैव ग्रंथांनी ही कथा शिवाचे श्रेष्ठत्व दाखवण्यासाठी रंगवली आहे हेही उघड आहे, पण त्यामुळे तिचा हा दुसरा अर्थ नाहीसा होत नाही.

एकादशी, नालासोपारा

सकाळी लोकलने नालासोपाऱ्याला गेलो. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे येथे सापडले आणि १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. चक्रेश्वर महादेवाच्या मंदिराच्या परिसरात ब्रह्मदेवाची उभी मूर्ती आहे, जी शिलाहार काळातील मानली जाते. येथे तो कमळावर बसलेला नाही, कोणाचा पुरोहितही नाही; तो स्वतंत्र मूर्ती म्हणून स्वतःच्या पायांवर उभा आहे. एवढी मोठी मूर्ती कोणी केवळ सजावटीसाठी घडवत नाही. कोकणच्या या बंदरात कधीकाळी ब्रह्मदेवाला पूजेचे स्थान असावे, असे तिच्याकडे पाहून वाटते.

त्या दिवशी पंढरपुरात कार्तिकीची गर्दी होती आणि आमचा उपवास होता. संध्याकाळी अजमेरकडे जाणारी गाडी धरली.

द्वादशी, अजमेर ते पुष्कर

अजमेरहून पुष्करला जाताना नाग पहाड ओलांडावा लागतो. घाट उतरला की रस्ता वाळूच्या सपाटीत येतो आणि कार्तिकात त्या सपाटीवर उंटांचे तळ पडलेले असतात. मेळ्याविषयी येथे अधिक लिहीत नाही. आम्ही सामान ठेवून सरळ सरोवरावर गेलो.

सरोवराभोवती ५२ घाट आहेत. तीर्थाची जन्मकथा पद्मपुराणाच्या सृष्टिखंडाशी जोडलेली आहे आणि घाटावर ती अशी सांगितली जाते : वज्रनाभ नावाचा असुर प्रजेला मारत होता, तेव्हा ब्रह्मदेवाने हातातले कमळ त्याच्यावर फेकले. असुर मेला, कमळाच्या पाकळ्या तीन जागी पडल्या आणि तिथे ज्येष्ठ, मध्यम व कनिष्ठ अशी तीन पुष्करे झाली. ज्येष्ठ पुष्कराची देवता ब्रह्मा, मध्यमाची विष्णू आणि कनिष्ठाची रुद्र.

मुंबईत मामांनी काढलेल्या मुद्द्याला ही कथा जणू उत्तर देते. ब्रह्मदेवालाही एकदा मारावे लागले, पण तेव्हाही त्याच्या हातून फूल सुटले, आणि त्या प्रहारातून जखमेच्या जागी पाणी निघाले. दुसऱ्या कोणत्याही देवाचे आयुध पडले तिथे सरोवर होऊन लोक स्नानाला जमले, तरी ते आयुध आयुधच राहते. येथे मुळात आयुध नव्हतेच. कमळ हे ब्रह्मदेवाचे जन्मस्थानही आहे. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात विष्णूच्या नाभीतून उगवलेल्या कमळात तो जागा होतो, सभोवार पाहताना त्याला चार मुखे येतात, आणि आपण कोठून आलो हे शोधण्यासाठी तो कमळाच्या देठातून खाली उतरतो, तरीही मूळ सापडत नाही. शेवटी तो शोध सोडून ध्यानाला बसतो. दुसऱ्या स्कंधात त्याला पाण्यातून दोनच अक्षरे ऐकू येतात, 'त' आणि 'प', आणि ती ऐकून तो तप आरंभतो. स्वतःचा उगम ज्याला सापडला नाही त्याच्याकडे सर्वांच्या उगमाचे काम सोपवलेले आहे. पुराणकारांनी हे लपवले नाही, याबद्दल मला त्यांच्याविषयी मोठा आदर वाटतो.

त्रयोदशी, ब्रह्ममंदिर

पायऱ्या चढून वर गेल्यावर दारावर हंस आणि मागे लाल शिखर दिसते. आजच्या मंदिराची वास्तू साधारणपणे चौदाव्या शतकातील मानतात आणि नंतर तिच्यात अनेक दुरुस्त्या झालेल्या आहेत. मंडपाच्या संगमरवरात भक्तांनी बसवलेली चांदीची नाणी आहेत, गर्भगृहात चतुर्मुख मूर्ती आहे आणि तिच्या हातांत माळ, पुस्तक, कूर्च व कमंडलू आहे. येथे चारही मुखे घडवलेली आहेत, त्यामुळे ऐहोळेच्या शिल्पात दगडाआड राहिलेले मुख या मूर्तीला आहे. पुष्करचे हे मंदिर भारतातील एकमेव ब्रह्ममंदिर असल्याचे रांगेतही कोणी सांगत होते. ते बरोबर नाही. गुजरातेत खेडब्रह्मा, राजस्थानातच बालोतऱ्याजवळ आसोतरा, तमिळनाडूत कुंभकोणम आणि गोव्यात ब्रह्मकरमळी येथे ब्रह्मदेवाची मंदिरे आहेत.

मूर्तीच्या हातातील माळ आणि कमंडलू पाहून मामांनी नकळत दत्ताचे नाव घेतले, आणि ते योग्यच होते. दत्तात्रेयाच्या सहा हातांपैकी खालच्या दोन हातांत माळ-कमंडलू, मधल्या दोहोंत डमरू-त्रिशूळ आणि वरच्या दोहोंत शंख-चक्र असते. महाराष्ट्रात गुरुवारी दत्ताच्या देवळात जाणारा प्रत्येक जण ब्रह्मदेवाच्या हातांपुढे मस्तक ठेवतो. शिवाय अत्री हा ब्रह्मदेवाचा मानसपुत्र. आपल्याकडे ब्रह्मदेव पूजेबाहेर गेला असे म्हणताना दत्ताचे हे खालचे दोन हात विसरले जातात.

मंडपाच्या फरशीत, गर्भगृहासमोर, चांदीचे कासव आहे. कासव म्हटले की आपल्याला विष्णूचा कूर्मावतार आठवतो, आणि कूर्म बहुतेक देवळांत असतो म्हणून लोक त्याला ओलांडून पुढे जातात. परंतु शतपथ ब्राह्मणात प्रजापतीनेच, म्हणजे ब्रह्मदेवाच्या वैदिक रूपानेच, कूर्माचे रूप घेऊन प्रजा निर्माण केली असे म्हटले आहे. तैत्तिरीय संहितेत आरंभीच्या पाण्यावर वायुरूपाने फिरणारा प्रजापती वराह होऊन पृथ्वीला वर काढतो. महाभारताच्या वनपर्वात मनूची नौका ओढणारा मत्स्य शेवटी 'मी प्रजापती ब्रह्मा आहे' असे सांगतो. मत्स्य, कूर्म, वराह ही तिन्ही रूपे आधी प्रजापतीची होती आणि पुढे विष्णूच्या अवतारमालिकेत गेली. पुष्करात वराहाचे जुने मंदिर याच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. दुपारी तिथे उभे असताना वाटले की ब्रह्मदेवाच्या उपासनेचा इतिहास एका शापाच्या कथेत मावणारा नाही. त्याच्याजवळची रूपे शतकानुशतके एकेक करून इतरत्र गेली आणि त्याच्याकडे उरली ती यज्ञाची साधने. यज्ञ हा समाजाच्या धर्मजीवनाचा केंद्रबिंदू राहिला नाही, मूर्तिपूजा आणि भक्ती पुढे आली, तेव्हा ती साधने धरणारा देवही मागे पडला. मला हे स्पष्टीकरण पटते.

शापाची कथा अर्थातच येथे प्रत्येकाच्या तोंडी आहे. यज्ञाला पत्नीची आवश्यकता होती, सावित्रीला यायला उशीर झाला, मुहूर्त टळू नये म्हणून इंद्राने एक गोपकन्या आणली आणि ती गायत्री म्हणून यज्ञाला बसली. सावित्रीने येऊन पाहिले आणि ब्रह्मदेवाची पूजा अन्यत्र होणार नाही असा शाप दिला. कथेत ब्रह्मदेवाचा दोष एवढाच की त्याने माणसांची वाट न पाहता कर्माची वेळ साधली. पुरोहिताचे सामर्थ्य आणि पुरोहिताचा अपराध येथे एकाच जागी आहेत.

चतुर्दशी, रत्नगिरी आणि रात्रीचे आकाश

उजाडण्यापूर्वी सावित्रीच्या टेकडीकडे, म्हणजे पुष्करच्या रत्नगिरीकडे, निघालो. मामांसाठी रोपवे होता, पण त्यांनी पायऱ्याच धरल्या. वरून सरोवर, गाव, नाग पहाड आणि पलीकडची वाळू एका नजरेत येते. गावाच्या दुसऱ्या बाजूच्या टेकडीवर गायत्रीचे स्थान आहे. रुसलेली पत्नी एका टेकडीवर आणि यज्ञाला बसलेली दुसरीवर, आणि मध्ये सरोवरापाशी ब्रह्मदेव, असा हा भूगोलच कथेचे चित्र आहे.

तरीही त्या टेकडीवर सूर्योदयाच्या वेळी मामांनी संध्या केली तेव्हा ही सवतीची कथा मला वेगळी दिसू लागली. विश्वामित्राची जी ऋचा ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलात आहे, तिची देवता सविता आहे आणि छंद गायत्री आहे. देवतेवरून तिला सावित्री म्हणतात, छंदावरून गायत्री. पुराणाने ज्यांना दोन पत्नी करून एकमेकींसमोर उभे केले त्या एकाच ऋचेच्या दोन बाजू आहेत : जिला उद्देशून म्हणायचे ती तेजस्वी देवता आणि ज्यात म्हणायचे ते अक्षरांचे माप. माप हाताशी असते आणि वेळेवर येते. तेज आपल्या वेळेने उगवते. यज्ञ मुहूर्ताला बांधलेला असल्यामुळे तो छंदाच्या आधारे सुरू होऊ शकतो. मामांना हा अर्थ मान्य झाला, मात्र सावित्रीचा राग हाही खराच आहे आणि तो अर्थ लावून पुसू नये, असे त्यांनी बजावले.

आज वैकुंठ चतुर्दशी. आपल्याकडे मध्यरात्री हरी-हरांची भेट होते, विष्णूला बेल आणि शंकराला तुळस वाहतात. त्या भेटीत तिसऱ्याला जागा नाही. रात्री मुक्कामाच्या गच्चीवर आलो तेव्हा चंद्र जवळजवळ पूर्ण होता, तरी पूर्वेला वर आलेले मृग नक्षत्र आणि त्यातील बाणाचे तीन तारे स्पष्ट दिसत होते, आणि काही वेळाने व्याधही उगवला. ब्रह्मदेवाविषयीची सर्वांत अवघड कथा या ताऱ्यांत आहे. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती हरणाचे रूप घेऊन आपल्या मुलीच्या मागे जातो, ती हरिणी होऊन पळते, देव हे अकृत्य पाहून आपल्या घोर अंशांतून एक उग्र देव निर्माण करतात आणि तो प्रजापतीला बाणाने विद्ध करतो. विद्ध झालेला प्रजापती हा मृग, मारणारा तो मृगव्याध, पळणारी ती रोहिणी आणि तीन ताऱ्यांचा तो बाण. लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'ओरायन' या ग्रंथात वेदांच्या काळाचा विचार करताना याच तारकासमूहाच्या कथांचा आधार घेतला होता. मीमांसक कुमारिल भट्टांनी कथेचा अर्थ निसर्गात लावला : प्रजापती म्हणजे सूर्य, मुलगी म्हणजे उषा, आणि सूर्य उषेच्या मागोमाग येतो एवढाच त्या पाठलागाचा आशय. हा अर्थ सुबक आहे. परंतु मूळ ग्रंथात देवांना झालेला क्षोभ त्याने शमत नाही. निर्मात्याचा निर्मितीवर मालकीहक्क नाही, तो ओलांडला तर पित्यालाही बाण लागतो, असे त्या जुन्या लोकांनी आकाशात कायमचे नोंदवून ठेवले आहे. ब्रह्मदेवाच्या प्रतीकांचा विचार करताना ही कथा वगळणारी लेखने मी पाहिली आहेत. ती वगळू नये, असे माझे ठाम मत आहे.

पौर्णिमा, स्नान

पहाटे घाटावर अतिशय गर्दी होती आणि सरोवराचे पाणी थंड होते. मामांनी स्नानाचा संकल्प स्वतःच सांगितला. जन्मभर ज्या जागी 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' म्हटले त्या जागी त्यांनी पुष्करक्षेत्राचे नाव घेतले, आणि त्या एका बदलाने त्यांचा आवाज क्षणभर अडला. पण त्यापूर्वीचे शब्द तेच होते, जे सत्यनारायणापासून वास्तुशांतीपर्यंत आपल्या प्रत्येक धर्मकृत्याच्या आरंभी म्हटले जातात आणि ज्यांकडे यजमानाचे लक्ष नसते : 'अद्य ब्रह्मणो द्वितीये परार्धे श्रीश्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वन्तरे'. म्हणजे आज, ब्रह्मदेवाच्या आयुष्याच्या दुसऱ्या अर्धात, त्याच्या श्वेतवाराह नावाच्या दिवसात.

ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे हजार महायुगे, ४३२ कोटी वर्षे. तेवढीच त्याची रात्र. अशा दिवसरात्रींची ३६० मिळून त्याचे वर्ष आणि अशी १०० वर्षे त्याचे आयुष्य, जे मानवी गणनेत ३,११,०४,००० कोटी वर्षे होते. त्यातील ५० वर्षे सरली आहेत आणि एक्कावन्नाव्या वर्षाचा पहिला दिवस चालू आहे. त्याच्या हातातील अक्षमाला काळाचे चिन्ह आहे हे मुंबईत ग्रंथाच्या आधारे समजले होते. येथे कळले की आपणही त्या माळेतच आपला दिवस मोजतो. आणि त्याहून विलक्षण हे की या मोजणीनुसार ब्रह्मदेवही मर्त्य आहे. ज्याच्या हातात काळ आहे त्यालाही काळाने वय दिले आहे.

संध्याकाळी घाटांवर दिवे लागले. आपल्याकडे ही त्रिपुरी पौर्णिमा. शंकराने त्रिपुरासुराची तीन नगरे जाळली म्हणून देवळांच्या दीपमाळा पेटतात. मामांना त्या संदर्भात कर्णपर्व आठवले. शल्याने कर्णाचे सारथ्य करावे म्हणून दुर्योधन त्याला त्रिपुरदहनाची कथा सांगतो : पृथ्वीचा रथ होता, सूर्य-चंद्र चाके होती, शंकर रथी होता आणि सारथी होता ब्रह्मदेव. योद्ध्याहून सारथी श्रेष्ठ असू शकतो हे शल्याला पटवण्यासाठी दुर्योधनाने जे सर्वांत मोठे उदाहरण दिले ते हे आहे. त्या रथावरही ब्रह्मदेवाच्या हातात शस्त्र नव्हते, लगाम होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अजमेरकडे निघण्यापूर्वी मामा पुन्हा मंदिरात जाऊन आले आणि गाडीत बसल्यावर त्यांनी पुढच्या प्रवासाचा विषय काढला. त्यांना आता सत्तरीतील ब्रह्मकरमळी पाहायची आहे. कदंब काळातील ती मूर्ती मूळची तिसवाडीतील करमळीची. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या अमलात देवळे मोडली जाऊ लागली तेव्हा भाविकांनी ती हलवली आणि वाळपईपलीकडच्या रानात नेऊन पुन्हा स्थापिली. "लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन नदी ओलांडली असणार," मामा म्हणाले, "तू तिथली गाडी कधीची मिळते ते बघ."